4.5 मिलिमीटरच्या एअर रायफलच्या नळीला मानवणारा छर्रा : नाशिकमधील चाचण्यांची नोंद

मोठ्या कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरसाठी शिशाच्या ओतीव गोळ्या घरी तयार करून त्यांतून अचूक काडतूस शोधण्याचा छंद अमेरिकेत फार जुना आहे. आपल्याकडे तो मार्ग जवळजवळ बंद आहे, कारण काडतूस भरणे म्हणजे दारूगोळा तयार करणे आणि 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे त्यासाठी परवाना लागतो. तरीही त्या मंडळींनी अनुभवातून काढलेला एक नियम आपल्या एअर रायफललाही लागू पडावा असा आहे. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचे तोंड नळीच्या आतील पीळदार खाचांपेक्षा अरुंद असेल, तर मऊ गोळी तेथेच दबून बारीक होते, पुढे नळीत सैल धावते, तिच्या कडेने गरम वायू निसटतो, नळीत शिसे चिकटते आणि नेम विखुरतो. म्हणून .44 मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या कॅलिबरच्या 10.90 मिलिमीटर खाचांसाठी गोळी 10.92 मिलिमीटर ठेवावी, दारूच्या वजनाचा विचार त्यानंतर करावा, असा त्यांचा क्रम असतो. आधी माप आणि मग बाकी सर्व, हा क्रम स्प्रिंगच्या एअर रायफलला कितपत लागू होतो, हे पाहण्यासाठी या चाचण्या चालू आहेत.

रायफल भारतीय बनावटीची, नळी मोडून भरण्याची, 4.5 मिलिमीटरची आहे. वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर 0.547 ग्रॅमचा छर्रा सरासरी 235 मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडतो, म्हणजे ऊर्जा सुमारे 15 ज्यूल होते. 2016 च्या शस्त्र नियमांतील 20 ज्यूलच्या मर्यादेत ती आरामात बसते. नवी स्प्रिंग घालणाऱ्यांनी हा गुणाकार स्वतः करून पाहावा, विक्रेत्याच्या शब्दावर राहू नये.

जागेचा प्रश्न नाशिकच्या द्राक्षांनी सोडवला. दिंडोरी तालुक्यातील एका मित्राचे पॅकिंग शेड माल निघून गेल्यानंतर, म्हणजे खरड छाटणीपासून पुढे अनेक महिने, रिकामे असते. बंद भिंतींमुळे वाऱ्याचा प्रश्न उरत नाही आणि 25 मीटरचे सरळ अंतर मिळते. लक्ष्यामागे वाळूच्या गोण्यांची दुहेरी रास आहे, मागचे दार आतून कुलूपबंद असते आणि नेमबाजी चालू असताना शेडमध्ये दुसऱ्या कोणालाही प्रवेश नसतो. लक्ष्यासाठी साध्या कागदाऐवजी जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू वापरतो, कारण गोल डोक्याचा छर्रा पातळ कागद फाडतो आणि छिद्राचा मध्य ठरवणे अवघड होते, तर जाड पत्रिकेवर कड स्वच्छ उमटते.

चाचणीपूर्वी रायफलकडून होणारा गोंधळ बाजूला काढणे आवश्यक होते. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन पुढे धावताना एक धक्का मागे आणि लगेच दुसरा पुढे बसतो, आणि छर्रा नळीत असतानाच हे सर्व घडते. त्यामुळे दस्त्याचे स्क्रू किंचित सैल असले, तरी सर्वोत्तम छर्राही वाईट ठरतो. स्क्रू आणि दुर्बिणीचे माउंट घट्ट केले, नळीच्या सांध्यातील खेळ तपासला आणि रायफल कधीही कठीण आधारावर टेकवली नाही. डावा तळहात मऊ पिशवीवर उघडा ठेवून त्यावर दस्ता नुसता विसावू द्यायचा, हीच एक पकड सर्व चाचण्यांत ठेवली. नळी एकदा कोरड्या फेल्टने स्वच्छ केली आणि त्यानंतरचे काही छर्रे नोंदीबाहेर ठेवले, कारण धुतलेल्या नळीला पुन्हा एकसारखी वागू लागण्यास थोडे छर्रे लागतात. तेल मात्र पिस्टनच्या बाजूला जाऊ दिले नाही. तेथे गेलेले तेल दाबाने पेट घेते आणि वेग वाटेल तसा वाढतो.

मोजमापाकडे आता येतो, कारण या नोंदीचा खरा भाग तेथेच आहे. डब्यावर 4.50, 4.51, 4.52 असे डोक्याचे व्यास छापलेले असतात, पण मऊ शिशावर डिजिटल कॅलिपर लावला की हाताच्या दाबानेच आकडा बदलतो. सुदैवाने अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत शंभराव्या भागाचे काम कोणालाही नवे नाही. एका टूलरूममधील जाणत्या कारागिराने कठीण पोलादाच्या पट्टीत 0.01 मिलिमीटरच्या अंतराने भोके करून दिली आणि प्रत्येक भोक पिन गेजने, म्हणजे नेमक्या व्यासाच्या सळीने, तपासून दिले. छर्रा डोके खाली करून सोडायचा. ज्या भोकातून डोके स्वतःच्या वजनाने उतरते आणि ज्यावर अडते, त्या दोघांमध्ये त्याचा व्यास असतो. या पट्टीवर एकाच डब्यातील छर्रे तीन वेगवेगळ्या भोकांत वाटले जातात, हे पाहिल्यावर डब्यावरील आकड्याकडे केवळ अंदाज म्हणून पाहू लागलो. नाममुद्रेपेक्षा बॅच महत्त्वाची असल्यामुळे येथे कोणत्याही कंपनीचे नाव दिलेले नाही. वजन, आकार आणि मोजलेले डोके एवढेच दिले आहे.

दुसरी तपासणी अधिक बोलकी ठरली. छर्रा नळीच्या तोंडात बसवून सफाईच्या सळईने हलक्या हाताने ढकलत पलीकडे मऊ कापडावर पाडायचा आणि भिंगाखाली पाहायचा. मोजून 4.50 भरलेल्या छर्ऱ्याच्या मागच्या पोकळ घेरावर, म्हणजे स्कर्टवर, खाचांचे ठसे सर्व बाजूंनी होते, पण डोक्यावर ते एका बाजूला ठळक आणि समोरच्या बाजूला जवळजवळ पुसट होते. याचा अर्थ छर्रा नळीतून किंचित कलता जात होता. 4.52 च्या छर्ऱ्यावर मात्र डोक्याभोवती सारख्या खोलीचे ठसे उमटले. हवेच्या दाबाने फुगून नळी बंद करण्याचे काम स्कर्ट करतो, पण छर्ऱ्याला सरळ धरून ठेवण्याचे काम डोक्याचे आहे आणि ते काम स्कर्ट करू शकत नाही.

लक्ष्यावर याचा परिणाम स्पष्ट दिसला. 25 मीटरवर दहा-दहा छर्ऱ्यांचे गट घेतले असता, चपट्या डोक्याचा, 4.50 व्यासाचा 0.53 ग्रॅमचा मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीचा, छर्रा सरासरी 31 मिलिमीटरमध्ये पसरला (गटाचे माप म्हणजे दोन टोकांच्या छिद्रांमधील अंतर). गोल डोक्याचा 0.547 ग्रॅमचा छर्रा 4.51 व्यासात 24 मिलिमीटर आणि 4.52 व्यासात 19 मिलिमीटरचा गट देतो. पहिल्या छर्ऱ्यावर अन्याय नको म्हणून सांगतो की तो 10 मीटरसाठी घडवलेला आहे, तेथे कागदावर कापल्यासारखे गोल छिद्र पाडणे हाच त्याचा उपयोग आहे आणि 25 मीटर हे त्याचे अंतर नव्हे. परंतु एकाच बॅचच्या 4.51 आणि 4.52 मध्ये आकार, वजन आणि वेग सारखेच असल्याने तेथे दिसलेला फरक डोक्याच्या व्यासाचाच मानावा लागतो. 0.67 ग्रॅमचा जड छर्रा बहुतेक वेळा घट्ट गट देतो, पण अधूनमधून एखादा छर्रा कारण न सांगता दूर फेकतो. या रायफलचा पिस्टन त्या वजनाला पुरा पडत नसावा, असा माझा कयास आहे.

येथे गटातील छर्ऱ्यांच्या संख्येबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या वर्तुळात पाच छर्ऱ्यांच्या सुंदर गटाचे छायाचित्र हाच पुरावा समजला जातो. रायफलची मूळ विखुरण, जिला संख्याशास्त्रात सिग्मा म्हणतात, तीच कायम ठेवली, तर गटातील दोन टोकांच्या छिद्रांमधील अंतर तीन छर्ऱ्यांना सरासरी 2.41 सिग्मा, पाचांना 3.07 सिग्मा आणि दहांना 3.81 सिग्मा येते. म्हणजे छर्रे वाढवले की गट मोठा दिसणारच. त्यात छर्ऱ्याचा दोष नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की पाच छर्ऱ्यांचा गट योगायोगाने लहान किंवा मोठा येण्याचे प्रमाण इतके असते की 19 आणि 24 मिलिमीटरमधील फरक त्यात सहज बुडून जातो. म्हणूनच मी दोन टोकांच्या अंतराबरोबर प्रत्येक छिद्राचे गटाच्या मध्यापासूनचे अंतर मोजून त्याची सरासरी काढतो. या सरासरी त्रिज्येत दहाही छर्रे बोलतात, तर टोकांच्या अंतरात केवळ दोनच. 4.52 साठी ही त्रिज्या 6 मिलिमीटरच्या आसपास, 4.51 साठी 8 च्या आसपास आणि चपट्या छर्ऱ्यासाठी 10 च्या आसपास राहिली. वेगवेगळ्या दिवशी छर्ऱ्यांचा क्रम उलटसुलट करूनही ही उतरंड बदलली नाही, तेव्हाच ती वहीत शाईने लिहिली.

वजनानुसार छर्रे निवडण्याचे वेड आपल्यापैकी अनेकांना आहे आणि सराफ बाजारात मिळणारा एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा माझ्याकडेही आहे. पण हिशेब करून पाहावा. 235 मीटर वेगाच्या छर्ऱ्याला 25 मीटर जाण्यास साधारण 0.116 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो नळीच्या रेषेपासून सुमारे 66 मिलिमीटर खाली येतो. वजनात 10 मिलिग्रॅमचा, म्हणजे बराच मोठा, फरक असला तरी वेग सुमारे 2 मीटरने बदलतो आणि लक्ष्यावर उभा फरक सव्वा मिलिमीटरच्या आत राहतो. 19 मिलिमीटरच्या गटात तो शोधूनही सापडणार नाही. वेगातच 5 मीटरचा फरक पडला तरी परिणाम तीन मिलिमीटरच्या आत असतो. तेव्हा 25 मीटरपर्यंत तरी काट्यासमोर बसून घालवलेली संध्याकाळ पट्टीवर डोके मोजण्यात आणि चेपलेले स्कर्ट वेगळे काढण्यात घालवलेली बरी. त्यासाठी छर्रा काचेवर घरंगळत सोडावा. ज्याचा स्कर्ट चेपलेला आहे त्याची चाल अडखळते. हे काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि ज्या टेबलावर शिसे हाताळले तेथे चहा घेऊ नये, हे नव्याने येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

छर्रा नळीत किती खोल बसवावा, यावर अद्याप ठाम उत्तर हाती नाही. अंगठ्याने तोंडाच्या पातळीपर्यंत दाबलेले आणि बॉलपेनच्या गोलसर टोपणाने थोडे आत बसवलेले, असे दोन्ही प्रकार 4.52 मध्ये घेतले. आत बसवलेल्या छर्ऱ्यांचा वेग थोडा कमी पण अधिक एकसारखा आला, गटांत मात्र सांगण्याजोगा फरक पडला नाही. वर दिलेल्या हिशेबाशी ते सुसंगतच आहे.

पुढील टप्प्यात त्याच वजनाचा 4.53 डोक्याचा छर्रा मिळवून तो नळीला जास्त घट्ट होतो की काय, हे पाहायचे आहे. थंडीतील चाचणीही बाकी आहे, कारण निफाड-दिंडोरीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक अंकी होतो आणि पिस्टनवरील ग्रीस दाट झाल्यावर वेग किती उतरतो हे क्रोनोग्राफवर पाहण्यासारखे असेल. शेडमध्ये फेब्रुवारीपासून द्राक्षांच्या पेट्या लागतील, त्यामुळे हे सर्व त्याआधी उरकावे लागेल. आणखी एक गोष्ट मित्राच्या अटीत आहे आणि माझ्याही: बागेत द्राक्षांवर येणाऱ्या पक्ष्यांवर ही रायफल रोखली जाणार नाही. ती नेहमी पत्रिकेवरच रोखली जाते.