साहेब, पीस बघता का?

भोसरी एमआयडीसीतल्या आठ-नऊ माणसांच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये सकाळी साडेनऊला डोकवा. ऑपरेटर हातात जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, घेऊन केबिनच्या दारात उभा. मालक कानाला फोन लावून कोटेशनचा भाव सांगतोय आणि खुणेनेच म्हणतोय, "थांब जरा." तोवर व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) बंद. तासाचा दर ४५० रुपये धरा, दिवसात चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटं गेली तर २६ दिवसांचे ११,७०० रुपये झाले. तेही एकाच मशीनचे.

यावर नेहमीचा सल्ला येतो, मॅनेजर ठेवा. ठेवतात. महिन्याभरात तो मॅनेजरही त्याच दारात उभा दिसतो, कारण त्याला काम दिलेलं असतं, पण निर्णय मालकाच्याच खिशात असतात.

जाहिरात देण्याआधी एक छोटी वही खिशात ठेवा. गुरुवारच्या सुट्ट्या सोडून १२ दिवस, कोणीही काहीही विचारायला आलं की एक ओळ लिहायची: कोण आलं, काय विचारलं, उत्तर तुमच्याशिवाय कोणी देऊ शकलं असतं का. बाराव्या दिवशी वही उघडली की कोणता माणूस हवा ते कळतं. बऱ्याचदा तो मॅनेजर नसतोच, इन्स्पेक्टर असतो. नाहीतर रोज संध्याकाळी येणे बाकीचे फोन करणारं कोणीतरी.

पहिल्या पीसचंच घ्या, म्हणजे मशीन लावल्यावर निघालेला पहिला नग मोजून पास करायचा, मगच पुढचे काढायचे. "तू बघत जा रे आता" म्हणून हे काम सोपवलं जात नाही. ड्रॉइंगवर २८ मापं असतात, त्यातली खरी नाजूक सहा-सात. त्यांना नंबर टाकून एका पानाचा तक्ता करा: माप, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), कशाने मोजायचं. ०.०२ लीस्ट काउंटच्या (त्याहून बारीक मोजता न येणाऱ्या) व्हर्नियरने ±०.०२ चं माप पास करता येत नाही, तिथे मायक्रोमीटर लिहा. मग नियम लिहा. माप २५ ±०.०२ असेल तर २४.९९ ते २५.०१ च्या आत आलं की मशीन चालू, कोणालाही विचारायचं नाही. त्याच्या बाहेर पण टॉलरन्समध्ये असेल तर ऑफसेट देऊन (मशीनमध्ये तेवढी दुरुस्ती टाकून) आणखी एक पीस काढायचा. टॉलरन्सच्याच बाहेर गेलं तर लाल टॅग लावून सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) बोलवायचं. मालकाला हाक दोनच वेळी: सलग तिसरा पीस बाद गेला तर, किंवा बिघडलेलं कास्टिंग (ओतीव भाग) ग्राहकाने दिलेलं असेल तर.

पहिला आठवडा दोघांनी मोजायचं. आधी त्याने मोजून लिहायचं, मग तुम्ही त्याचे आकडे न बघता. वीस पिसांत मायक्रोमीटरच्या मापात ०.०१ पेक्षा जास्त फरक आला नाही, की तुमचा मायक्रोमीटर कपाटात. फरक आलाच तर माणसावर खेकसण्याआधी तीन गोष्टी बघा: बर (कडेला राहिलेली धातूची कोर) काढली होती का, ड्रॉइंग जुन्या रिव्हिजनचं तर नाही, आणि जॉब गरम होता का. अॅल्युमिनियमचा ५० मिमीचा जॉब २० अंशांनी गरम असला तर ०.०२ मिमीपेक्षा जास्त फुगलेला असतो. तो तसाच पास केला तर थंड झाल्यावर ग्राहकाकडे अंडरसाइज निघतो आणि खापर फुटतं नव्या पोरावर.

अशा माणसाची मुलाखत तोंडी घेण्यात अर्थ नाही. एक ड्रॉइंग द्या, पाच तयार जॉब द्या (त्यातला एक चुकीचा), आणि वीस मिनिटं. चुकीचा सापडला तर उत्तमच. पण मोजण्याआधी मायक्रोमीटरचा झिरो तपासला का, जॉब पुसला का, याला मी जास्त मार्क देईन. ऑफिसच्या माणसाला दहा बिलं द्या. त्यात २४ ने सुरू होणाऱ्या जीएसटी नंबरच्या, माल गुजरातला जाणाऱ्या पार्टीला सीजीएसटी-एसजीएसटी लावलेलं एक बिल घुसवा. आपला नंबर २७ चा, तेव्हा तिथे परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी हवा. ज्याला हे खटकत नाही तो टॅली कितीही भरभर चालवो, उपयोग नाही. आणि हो, पूर्ण दिवस चाचणी घेतली तर त्या दिवसाचे पैसे द्या.

पगार २०,००० ठरला म्हणजे खर्च २०,००० नव्हे. पीएफ लागू असेल तर १५,००० वर मालकाचे १२ टक्के आणि वरचा आकार धरून १,९५० रुपये, ईएसआयचे (कामगार विम्याचे) ३.२५ टक्के म्हणजे ६५०. दिवाळीचा बोनस आणि भरपगारी रजा वेगळ्या. ईएसआय साधारण दहाव्या माणसाला लागतो, पीएफ विसाव्याला. दहाव्या माणसाबरोबर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही नेमावी लागते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

खरेदीत रुपयांची मर्यादा ठरवून द्या. इन्सर्टचा (कटरला लावायच्या कापणाऱ्या टिपांचा) डबा दहा नगांचा येतो. चार उरले की नवा मागवायचा, ५,००० पर्यंत विचारायचं नाही. नाहीतर मालक स्वतः स्कूटरवरून पुण्याच्या बोहरी आळीत ड्रिल आणायला जातो आणि त्याला पैसे वाचवले असं वाटतं. बँकेत मात्र हात सैल सोडू नका: पेमेंट भरणारा एक, मंजूर करणारा दुसरा. अकाउंटंटला ओटीपी फोनवर सांगणं म्हणजे सोपवणं नव्हे, तो निव्वळ आळस.

गडबड बहुतेक तिसऱ्या आठवड्यात होते. माणूस येतो, "साहेब, हे कसं करू?" तुम्हाला उत्तर माहीत असतं, दहा सेकंदात देता. काम परत तुमच्या टेबलावर आलं. त्याऐवजी "तक्त्यात काय लिहिलंय?" एवढंच विचारा. तक्त्यात नसेल तर त्यालाच उत्तर सुचवायला लावा आणि पटलं तर त्याच्याच अक्षरात तक्त्यात घाला.

दुसरी चूक त्याहून महाग. सुपरवायझर नेमला, आणि शॉपमधून जाता जाता मालक ऑपरेटरला म्हणतो, "अरे, हा राहू दे, आधी तो जॉब लाव." दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं की सुपरवायझरचं ऐकायचं नसतं. घाई कितीही असू दे, निरोप त्याच्यामार्फतच जायला हवा. तो जेवायला गेला असेल तर अर्धा तास थांबा.