गिरमिटाचा हरवलेला न

पाऊस लागला की आमच्या किचनच्या खिडकीची चौकट फुगते आणि झडप बंदच होत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी पिशवी फरशीवर उलटी केली, रंधा, पटाशी, वाकस, आणि सगळ्यात शेवटी लाकडी मुठीचं एक जुनं गिरमिट. म्हटलं काका ड्रिल मशीन असताना हे कशाला, तर म्हणाले, लाईट गेली की मशीन काय चाटायचंय?

मला एक घाण सवय आहे, वस्तू दिसली की तिच्या नावाचं मूळ गाव शोधत बसायचं. गिरमिटाचा थोरला भाऊ म्हणजे इंग्रजीतला ऑगर. हजारेक वर्षांपूर्वी, जुन्या इंग्रजीत, त्याचं नाव होतं नाफोगार. नाफु म्हणजे चाकाचा तुंबा, गार म्हणजे भाला. गाडीच्या चाकाला मधोमध भोक पाडायचा भाला! (लसणाच्या गार्लिकमधला गार पण तोच, भाल्यासारखा कांदा.) आणि नाफु म्हणजे आपल्या नाभीची सख्खी बहीण, संस्कृतात पण चाकाच्या तुंब्याला नाभीच म्हणतात. पुढे नाफोगारचं झालं नॉगर, आणि मग लोक 'अ नॉगर' म्हणता म्हणता 'अॅन ऑगर' ऐकायला लागले. न गेला शेजारच्या घरात. अॅप्रनचं पण असंच, तो आधी नॅप्रन होता, नॅपकिनच्या घरातला. ऑरेंज मात्र या चोरीतला नाही बरं का, त्याचा न इंग्लंडला पोचायच्या आधीच वाटेत पडला होता, आपल्या नारिंगीने तो नीट जपून ठेवलाय.

एवढ्यात काकांनी दोरीला निळा रंग चोळला, चौकटीवर ताणून धरली आणि फट्कन सोडली. सरळ रेघ. मी बघतच राहिले, कारण सुतार हा शब्दच मुळी सूत्रधारावरून आलाय, सूत धरणारा. नाटकातला सूत्रधार आणि फळीवर रेघ मारणारा सुतार नावाने एकच! आणि गंमत म्हणजे तिकडे इंग्रजीत पण नाटकवाल्याच्या अंगात कारागीरच आहे. प्लेराइट मधला राइट लिहिण्याचा नाहीच, स्पेलिंग बघा, तो जुना 'व्युर्ह्ता', म्हणजे घडवणारा. चाकं घडवणारा व्हीलराइट, जहाजं घडवणारा शिपराइट, तसा नाटक घडवणारा. ठोकून, तासून, सांधे बसवून. सायकलीच्या दुकानात बसून विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचं आडनाव पण हेच, इतकं फिट्ट बसलेलं आडनाव मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. थॅचर म्हणजे छप्पर शाकारणारा, तेव्हा ब्रिटनच्या एकेकाळच्या पंतप्रधान मार्गारेटबाई आमच्या कोकणात जन्मल्या असत्या तर मे महिन्यात त्यांना भारी डिमांड असती.

मग मी खिडकीवर आले. विंडो हा मूळचा व्हायकिंगांच्या भाषेतला शब्द, वाऱ्याचा डोळा. त्याआधी इंग्रज तिला 'डोळ्याचं भोक' म्हणायचे, त्यातला भोकवाला शब्द नाकपुडीच्या नॉस्ट्रिलमध्ये अजून जिवंत आहे. आपलं गवाक्ष तर गायीचा डोळाच. घराला डोळे असतात यावर सगळ्यांचं एकमत दिसतंय. आणि घर बांधणे याला जुन्या इंग्रजीत क्रियापद होतं टिंब्रियन, म्हणजे टिंबरवालंच, दगडाचं चर्च उभारलं तरी ते 'टिंबरायचं'! दगडविटांचं सामान लॅटिनकडून उधार, वॉल, टाइल, चॉक सगळं.

१०६६ मध्ये फ्रान्सकडचे नॉर्मन इंग्लंडवर राज्य करायला आले आणि हुद्दे फ्रेंच झाले, 'ट्रेओव्युर्ह्ता' म्हणजे झाडाचा कारागीर गेला, कार्पेंटर आला, दगडवाल्याचा मेसन झाला. पण हातातली हत्यारं बरीचशी जुन्याच नावांनी राहिली, सॉ, अॅक्स, हॅमर, नेल. साहेब बदलला तरी करवत थोडीच बदलते.

हे मी काकांना सांगायला गेले तर ते म्हणाले, ताई, सुतावरून स्वर्ग गाठताय, जरा हा कोपरा धरा. धरला. जाताना त्यांनी कार्ड दिलं, त्यावर छापलंय 'इंटिरियर अँड फर्निचर कॉन्ट्रॅक्टर'. नंबर मी सुतारकाका म्हणूनच सेव्ह केला.

खिडकी आता छान बंद होते. उघडत नाही. रविवारी येतो म्हणालेत.