सरवा

भुईमूग काढून झाला की आमच्या नेवासा तालुक्यात बायका-पोरं सरव्याला येतात. वेलाबरोबर न निघालेल्या, मातीत राहिलेल्या शेंगा खुरप्यानं उकरायच्या आणि ओच्यात टाकायच्या. सात-आठ वर्षांची असताना मी अशाच एका पोरीच्या हातातली पाटी ओढून घेतली. "शेंगा आमच्यात!" दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते बघितलं. ओरडले नाहीत. पाटी परत द्यायला लावली आणि रात्री कंदिलापाशी कुटुंबप्रार्थनेला बसल्यावर बायबलातल्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय मलाच वाचायला दिला.

वाचता वाचता 'सरवा' शब्द आला आणि मी थांबलेच. शास्त्रात आमच्या रानातला शब्द! तोवर मला वाटायचं, देव फक्त चर्चमधलं जड मराठी बोलतो. इथं बेथलेहेमात सातूची कापणी चाललेली, मवाब या परक्या देशातून आलेली विधवा रूथ सासूचं पोट भरायला कापणाऱ्यांच्या मागं मागं वेचतेय, आणि शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतोय की पेंढ्यांतून तिच्यासाठी मुद्दाम थोडं टाकत चला, तिला बोलू नका. संध्याकाळी तिनं झोडपून पाहिलं तर एफाभर, म्हणजे त्या काळच्या धान्याच्या मापानं एक माप, सातू निघाले.

बवाज मनाचा मोठा होताच. पण दादांनी त्याच रात्री बायबलात मागं जाऊन लेवीय या पुस्तकाचा १९वा अध्याय काढला. शेताचे कानेकोपरे कापू नकोस, सरवा वेचू नकोस, ते गरिबाला आणि उपऱ्याला राहू दे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात तर रानात विसरलेली पेंढी आणायलाही मागं फिरायचं नाही. यात 'दान कर' असं कुठंच नाही. नुसतं राहू द्यायचं. घेणारी स्वतः येणार, स्वतः वेचणार, कुणापुढं हात पसरणार नाही. सातबाऱ्यावर दादांचं नाव होतं, पण लेवीय २५ मध्ये देव म्हणतो की जमीन माझी, तुम्ही माझ्याजवळ उपरे. दादा ते अक्षरशः खरं मानून शेती करत.

पुढं स्वतः वाचायला लागले तेव्हा अनुवाद २३ सापडला. मवाब्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही! आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात, येशूच्या वंशावळीत, तीच रूथ. मी कितीतरी दिवस या दोन पानांत बोट घालून बसायचे. 'ही बाहेरची' असं कुणाबद्दल ऐकलं की आजही मला ती दोन पानं आठवतात.

या जानेवारीत गावी गेले तर आमच्या उसात बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी होती. धाकटा भाऊ टोळीच्या मुकादमाशी वाढ्यांवरून, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवरून, भांडत होता. वाढे तोडणाऱ्यांचे, त्यांच्या बैलांना घालून उरतील ते विकून मीठ-मिरची करायची, ही पूर्वीपासूनची रीत.

"अक्का, वाढ्यांना आता भाव आलाय. ऊस माझा, मग वाढे कुणाचे?"

"दादा असते तर काय म्हणाले असते?"

तो काही बोलला नाही, मोटारसायकल काढून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे फडाकडं गेले. धुक्यात एक बाई वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होती. पोर तिच्या पाठीमागं गोधडीत झोपलेलं. मला बघून ती दचकली, हातातली पेंढी तिनं खाली ठेवली.

"बांध बाई," मी म्हणाले, "तुझेच आहेत."