मॅरियनबाईंचं घर

शनिवार, रात्री

पाय भयंकर दुखतायत, पण आत्ताच लिहून टाकते, उद्याच्या धुण्याभांड्यात सगळं डोक्यातून जाईल. आज लंडनच्या केन्सिंग्टन भागात जाऊन सॅम्बॉर्न हाऊस बघितलं, 18 स्टॅफर्ड टेरेस. हाय स्ट्रीटच्या गर्दीतून जरा आत वळलं की एकसारख्या उंच पांढऱ्या घरांची रांग लागते, त्यातलंच एक, बाहेरून बघून कोणी थांबणार पण नाही. आत गेलं की मात्र डोळे कुठे ठेवावेत कळत नाही. भिंतीचा एक इंच मोकळा नाही, चिनीमातीच्या बश्या, फुलदाण्या, घड्याळं, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि खुर्च्या तर इतक्या की बस्स. 1877 साली घरातल्या सामानाची यादी केली होती त्यात साठच्या वर खुर्च्या आहेत म्हणे! माणसं चार आणि खुर्च्या साठ, बसत कोण होतं देव जाणे.

हे घर एडवर्ड लिन्ली सॅम्बॉर्नचं, पंच नावाचं विनोदी मासिक... मासिक नाही, साप्ताहिक, त्याचा व्यंगचित्रकार. सेसिल र्‍होड्स एक पाय केपटाऊनला आणि एक कैरोला टाकून आख्ख्या आफ्रिकेवर उभा आहे ते 1892 चं चित्र शाळेच्या इतिहासापासून आपण बघत आलोय, ते याचंच. त्या काळात पंचचा इतका दबदबा होता की आपल्या मुंबईतसुद्धा पारशी पंच निघाला आणि पुढे तोच हिंदी पंच झाला. लिन्ली आणि मॅरियनचं लग्न 1874 चं, ती शेअर ब्रोकरची मुलगी, माहेर तिथून चालत जाण्याइतकं जवळ, आणि 1875 ला 2000 पौंड देऊन या घराचं लीज घेतलं.

मला आवडलं ते हे की हे लोक दिसतात तेवढे श्रीमंत नव्हतेच. भिंतीवर मोठ्या चित्रकारांची चित्रं लावलीयत, जवळ जाऊन बघितलं तर बरेचसे चित्रांचे फोटो, फ्रेम करून टांगलेले! ओरिजिनल घ्यायची ऐपत नव्हती पण दिवाणखाना तर भरलेला दिसला पाहिजे ना. आणि वॉलपेपरचं तर ऐकून मी हसतच सुटले, आधी विल्यम मॉरिस या नावाजलेल्या डिझायनरचा कागद लावला होता, मग 1880 नंतर कधीतरी सोनेरी, चामड्यासारखा दिसणारा जपानी पद्धतीचा कागद फॅशनमध्ये आला, तो महाग, म्हणून जिथे फ्रेम आहेत तिथे लावलाच नाही, फक्त फ्रेमच्या मधल्या दिसणाऱ्या जागेत. फ्रेम उचलली की मागे जुना मॉरिस तसाच. दिवाळीत कपाट न हलवता फक्त समोरची भिंत रंगवून घेतात ना आपल्याकडे, अगदी तसं.

लिन्लीचं काम डेडलाईनचं. पंचवाल्यांचं दर बुधवारी रात्री एकत्र जेवण असायचं, त्यात आठवड्याचं मोठं चित्र कशावर ते ठरायचं, की शुक्रवारपर्यंत काढून द्यायचं. मग पोझला माणूस कुठून आणणार इतक्या पटकन, म्हणून हा फोटो काढायचा, स्वतःचे, पोरांचे, नोकरांचे, घोडेवाल्याचे, अंगावर चादरी नाहीतर भाड्याचे ड्रेस चढवून. बाथरूममध्येच फोटो धुवायचा. संग्रहात तीसेक हजार फोटो आहेत. इथपर्यंत मजा वाटते. पण पुढे कळतं की बायको-पोरं समुद्रावर रॅम्सगेटला गेली की घरी न्यूड मॉडेल बोलवायचा, आणि म्हातारपणी तर लपवलेल्या कॅमेऱ्याने रस्त्यावरच्या पोरींचे फोटो काढायचा, त्यांना पत्ता नाही. आता लोक म्हणतात त्या काळच्या कपड्यांचा किती छान रेकॉर्ड. असेल, पण मला तो माणूस तिथून पुढे काही आवडेना.

मॅरियन मात्र आवडली. बाई 1881 पासून 1914 ला जाईपर्यंत रोजनिशी लिहीत होती, रोज चारदोन ओळी, जेवायला काय होतं, कोण आलं गेलं, स्वयंपाकीणबाईशी काय वाजलं, तब्येत कशी, लिन, म्हणजे लिन्ली, रात्री किती उशिरा आला. मोठे विचार वगैरे काही नाहीत आणि त्यामुळेच तर ते घर चालतंबोलतं वाटतं, नाहीतर नुसतं फर्निचरचं गोडाऊन झालं असतं. आता मी पण रोज मटकीची उसळ केली का पिठलं हे लिहायला लाज वाटून घेणार नाही.

आणि हे सगळं टिकलं कसं, तर मुळात आळसाने, असं माझं मत. लिन्ली 1910 ला गेला, मॅरियन 1914 ला, मुलगा रॉय शेअर बाजारात नोकरीला, लग्न केलंच नाही, खोलीत नट्यांचे फोटो लावून 1946 पर्यंत तिथेच राहिला आणि काहीच बदललं नाही. मग घर आलं बहिणीकडे, मॉडकडे. तिचं 1898 ला मेसेल घराण्यात लग्न झालेलं, भरपूर पैसा, ससेक्समध्ये नायमन्स नावाचं मोठं घर, आणि ते 1947 ला आगीत जळलं! आईवडिलांचं हे चिंचोळं घर मात्र शाबूत. 1960 ला मॉड गेली तेव्हा ते तिच्या मुलीकडे आलं, अ‍ॅन, काउंटेस ऑफ रॉस. त्याच वर्षी अ‍ॅनच्या मुलाने, फोटोग्राफर आर्मस्ट्राँग-जोन्सने, राणीच्या बहिणीशी, प्रिन्सेस मार्गारेटशी लग्न केलं. फोटोचा नाद पणजोबाकडून आला असणार.

खरी कमाल या अ‍ॅनची. तेव्हा व्हिक्टोरियन म्हटलं की लोक नाकं मुरडायचे, जुन्या इमारती धडाधड पाडत होते, आणि हिने आई असतानाच, याच दिवाणखान्यात 1957 ला माणसं जमवली, कवी बेट्जेमन वगैरे, त्यातून 1958 ला अशा इमारती वाचवणारी व्हिक्टोरियन सोसायटी उभी राहिली. युस्टन स्टेशनची कमान त्यांना वाचवता आली नाही पण सेंट पँक्रास स्टेशन वाचलं. त्या सेंट पँक्रासच्या हॉटेलचा आर्किटेक्ट गिल्बर्ट स्कॉट, आपल्या राजाबाई टॉवरचाच. 1980 ला अ‍ॅनने हे घर आतल्या सामानासकट ग्रेटर लंडन काउन्सिलला विकलं, वाटण्या नाहीत, लिलाव नाही, बश्या फुलदाण्या जिथल्या तिथे. आमच्याकडे आजीच्या एका घंगाळावरून दोन मावश्या अजून एकमेकींशी बोलत नाहीत.