एका रायफलीचे दोन नंबर

बाबा गेल्यावर आजोबांची रायफल माझ्या नावावर करायला मला ११ महिने लागले, त्यातले ९ फक्त फॉर्मवरच्या एका चौकोनापायी. भावंडांची संमती, पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'शस्त्राचा नंबर' या चौकोनात नंबर एकच मावतो आणि आमच्या रायफलीवर आहेत दोन.

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत, रानडुकरांचा त्रास, म्हणून आजोबांनी १९६३ साली ही बेळगावहून आणली. लायसन्सवर जो नंबर, तो बोल्टच्या (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सुटा भाग) दांड्यावर. बॉडीच्या उजव्या अंगाला वेगळाच. बाबांच्या वेळी कोणी ढुंकूनही बघितलं नाही. माझ्या वेळी क्लार्कने नेमकं बघितलं. "बाब, नंबर दोन म्हणजे बंदुका दोन. दुसरी खंय आसा?"

वर म्हणे ही तर फौजेची थ्री नॉट थ्री (.३०३) दिसते, प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे नळीचं हे माप सामान्य माणसाला बंद, ठेवताच येणार नाही. अहो दिसणारच ना तशी, सांगाडा त्याच फौजी ली-एन्फील्ड रायफलीचा आहे, पण नळी .३१५ ची, ब्रिटिशांना पब्लिकच्या हातात फौजेचं काडतूस नको होतं म्हणून हे ८ मिमीचं वेगळं बोअर चालायचं, आणि इशापूरची सरकारी रायफल फॅक्टरी नंतरही याच बोअरच्या रायफली बनवत राहिली. हे मी चार फेऱ्यांत चार वेळा सांगितलं. चारही वेळा एकच उत्तर, "लिहून आणा." लिहून नेलं तर साहेब रजेवर.

(एक राहिलं. बंदूक ठाण्यात जमा करायच्या आधीच सगळ्या नंबरांचे फोटो काढून ठेवा. नंतर नुसतं बघायलाही अर्ज करावा लागतो, मी केलाय.)

शेवटी पोलिसांच्या आर्मररकडे, म्हणजे हत्यारांची देखभाल करणाऱ्याकडे, तपासणीला पाठवलं. त्या माणसाने रॉकेलच्या फडक्याने बॉडी पुसली, ठशांवर खडू घासला, बोट फिरवलं, आणि मी इतकी वर्षं ३ समजत होतो तो ८ निघाला. दस्ता जिथे मुठीत धरतात तिथल्या पट्टीवर मुकुट, खाली जीआरआय, म्हणजे बॉडी जॉर्ज राजाच्या काळातली. वरचं लाकूड उचललं तर नळीवर बॉडीचाच नंबर. बोल्टवर मात्र आमच्या नंबराच्या शेजारी आणखी एक, छिन्नीने काट मारलेला. "हा बोल्ट तिसऱ्या घरी नांदतोय," म्हणाला. बोल्ट परका असला की काडतूस नीट घट्ट बसतं का ते बघावं लागतं, म्हणून गेज (मापाचा तुकडा) घालून तेही तपासलं. अर्धा तास लागला सगळ्याला! खरा नंबर बॉडीचा, १९६३ च्या कारकुनाने वाचायला सोपा म्हणून बोल्टवरचा उतरवला, असा चार ओळींचा रिपोर्ट दिला.

मग स्टँप पेपरवर अॅफिडेव्हिट, आणि लायसन्स आलं. तुमच्याकडे जुनी बंदूक असेल तर बोल्ट आणि बॉडी आजच ताडून बघा, घरातलं मोठं माणूस हयात असताना.

रायफल घरी आणली, बाबांच्या खुंटीला लावली. बाराव्या दिवशी निवडणूक जाहीर झाली आणि परत ठाण्यात जमा.