लाल पट्टीखालची इंग्रजी

‘जपान्यांना इंग्रजी अजिबातच येत नाही ना रे?’ पुण्याहून फोन आला की हा प्रश्न हमखास असतो. येते की! कागदावर तर इतकी येते की आपण तोंडात बोट घालावं.

टोकियोच्या मेट्रोत, सकाळच्या तोझाई लाइनमध्ये, गणवेशातली पोरं बघा. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात शब्दांचं जाडजूड पुस्तक. त्यात इंग्रजी शब्द काळ्या शाईत आणि जपानी अर्थ लालसर शाईत छापलेला असतो. त्यावर लाल पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ठेवली की अर्थ गायब होतो. मनातल्या मनात उत्तर द्यायचं, अंगठ्याने पट्टी बोटभर खाली सरकवायची, ताडून बघायचं, पुढचा शब्द. गर्दीत चेंगरत असतानाही तो अंगठा थांबत नाही. ज्यांच्याकडे पुस्तक नसतं त्यांच्याकडे कार्डांची चिमुकली गड्डी असते: एका टोकाला भोक, त्यात उघडमीट होणारी कडी. पाठ झालेलं कार्ड काढायचं आणि दुसऱ्या कडीत ओवायचं. शंभर येनच्या दुकानात हे सगळं मिळतं.

हे वेड आजचं नाही. ‘मामेतान’ नावाचं खिशात मावणारं शब्दपुस्तक १९३५ साली निघालं. त्यातले शब्द एबीसीच्या क्रमाने होते आणि सुरुवातच ‘अबँडन’ने, म्हणजे ‘सोडून देणे’ने, व्हायची. बरेच जण तिथेच सोडून द्यायचे, असा जुन्या लोकांचा विनोद आहे. पाठ झालेलं डिक्शनरीचं पान फाडून खाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कथाही ऐकायला मिळतात. खरं-खोटं देव जाणे. मग १९६७ साली टोकियोतल्या हिबिया हायस्कूलचे शिक्षक मोरी इचिरो यांनी क्रमच उलटवला. प्रवेशपरीक्षेत जे शब्द जास्त येतात ते आधी, बाकीचे नंतर. या पुस्तकाला टोकियोकडे ‘देरुतान’ म्हणतात आणि ओसाकाकडे ‘शिकेतान’. आपल्याकडे मुंबई-पुण्याचं जसं कशावरूनही जुंपतं, तसंच. आजची शब्दपुस्तकंही बरीचशी त्याच वाटेने जातात.

सरकारी अभ्यासक्रमही आता तगडा आहे. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. प्राथमिकला ६०० ते ७००, मग मिडल स्कूलला १६०० ते १८०० आणि हायस्कूलला १८०० ते २५०० शब्द. म्हणजे शाळा संपेपर्यंत चार-पाच हजार. पूर्वी हाच आकडा तीन हजारांच्या आसपास होता.

मग गाडी अडते कुठे? माझं मत विचाराल तर, न येणारे शब्द हा यांचा प्रश्नच नाही. घोटाळा होतो तो आधीपासून तोंडात असलेल्या शब्दांचा.

जपानीत बाहेरून आलेले शब्द काताकाना लिपीत लिहितात, आणि रोजच्या बोलण्यात ते खच्चून भरलेले आहेत. पण या भाषेत ‘न्’ सोडला तर व्यंजनावर शब्द संपत नाही, जोडाक्षरंही आपल्यासारखी नाहीत. त्यामुळे बेसबॉलमधला ‘स्ट्राइक’ होतो ‘सुतोराइकु’ आणि कामगारांचा संप ‘सुतोराइकी’. मूळ शब्द एकच, इथे त्याचे दोन झाले. आता अमेरिकन माणूस भरभर बोलताना तो शब्द उच्चारेल तेव्हा पोराच्या कानाला तो ओळखीचा वाटणारच नाही. आपण ‘टेबल’ म्हणतो तेव्हा शेवटचा ल् देवनागरीत बिनबोभाट बसतो. ही केवढी सोय आहे, हे इथे आल्यावर कळतं.

त्यात काताकानात दिसलं म्हणजे इंग्रजीच, असंही नाही. पार्टटाइम कामाला म्हणतात ‘आरुबाइतो’. तो आला जर्मनमधून. ब्रेडला म्हणतात ‘पान’. तो पोर्तुगीजांचा, म्हणजे आपल्या पावाचा सख्खा भाऊ. आणि इंग्रजी कापडातून इथेच शिवलेले शब्द तर विचारूच नका. ‘मानशोन’ म्हणजे हवेली नव्हे, साधा फ्लॅट. ‘कोनसेन्तो’ म्हणजे भिंतीतलं प्लगचं सॉकेट. ‘कानिंगु’ म्हणजे परीक्षेतली कॉपी. ‘सुमातो’ म्हणजे सडपातळ.

माझ्या शेजारच्या डेस्कवरचे सहकारी पन्नाशीचे आहेत. टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी ९००च्या वर. ही परीक्षा १९७९ साली जपानच्याच पुढाकाराने सुरू झाली: दोन तास, २०० प्रश्न, अर्धे ऐकायचे, अर्धे वाचायचे. बोलायची आणि लिहायची परीक्षा वेगळी, आणि ती फारसं कोणी मागत नाही. बढतीसाठी कंपन्या बघतात ते हेच ९९०पैकी मिळालेले गुण. तर या गृहस्थांनी एकदा पुण्याच्या टीमला इंग्रजीत मेल टाकला की क्लायंटकडून ‘क्लेम’ आला आहे. पुण्यात धावपळ. किती पैसे मागितले, कायदा विभागाला कळवायचं का? जपानीत ‘कुरेमु’ म्हणजे नुसती तक्रार. एका स्क्रीनवरचं बटण क्लायंटला आवडलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर त्यांनी कार्डांची नवीन गड्डी केली. एका बाजूला काताकाना शब्द, मागे इंग्रजीत खरं काय म्हणतात ते. या वयात, दुपारच्या डब्यासोबत, शाळकरी पोरासारखं बसून ते कार्डं उलटतात. हे कुठल्याही परीक्षेत येणार नाही, असं मी म्हटलं तर म्हणाले, म्हणून तर कोणी शिकवलं नाही.

गंमत म्हणजे त्या गड्डीत आता निळ्या कार्डांचा वेगळा भाग आहे. तो आपला, भारतीय इंग्रजीचा. ‘प्रीपोन’ आहे, ‘डू द नीडफुल’ आहे. पहिलं कार्ड कशामुळे बनलं तेही सांगतो. व्हिडिओ कॉलवर ओळख करून देताना आमच्यातला एक जण म्हणाला, ‘आय पास्ड आउट इन २०१२.’ साहेबांना ‘पास आउट’ पुस्तकातून चोख पाठ: शुद्ध हरपणे. कॉल संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, आता त्यांची तब्येत बरी असते ना?