घर स्वच्छ, तरी खरूज

त्वचारोगाच्या ओपीडीत खाजेचे रुग्ण रोजच येतात. त्या दिवशी आलेल्या बाईंनी मात्र तक्रार सांगायच्या आधीच सांगून टाकलं, "डॉक्टर, आमचं घर अगदी स्वच्छ असतं हं." सोबत सात वर्षांचा मुलगा, रात्ररात्र खाजवणारा. बाई त्याला दिवसातून तीनदा जंतुनाशक घातलेल्या पाण्याने खसाखसा घासून आंघोळ घालत होत्या. पोराची कातडी कोरडी पडून तडकली होती.

मी त्याची बोटं फाकवली. बेचक्यात करड्या रंगाची बारीक नागमोडी रेघ, जेमतेम अर्धा सेंटीमीटर, टोकाला ठिपका. तेलाचा थेंब टाकून ती जागा पात्याने हलकेच खरवडली आणि काचेवर घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली आठ पायांचा किडा, शेजारी दोन लांबट अंडी. बाईंनाही बघायला लावलं. बघितलं आणि त्यांना रडूच फुटलं. "लोक काय म्हणतील आम्हाला?"

मग मी बाहेरची रांग विसरून बोलत बसलो. खरूज मळामुळे होत नाही. या किड्याची मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते, साबण तिथवर पोचतच नाही. अंगाला अंग लागून, एका अंथरुणात झोपून खरूज पसरते. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला 2 ते 6 आठवडे लागतात, तोवर घरातल्या इतरांनाही लागलेली असते. खाज नवऱ्यालाही होती. तो गुपचूप स्टिरॉइडचं मलम लावत होता. त्याने खाज दबते, किडा मजेत जगतो. लाजेपायी असे महिने वाया जातात, याचा मला फार त्रास होतो.

परमेथ्रिनचं 5 टक्क्यांचं मलम दिलं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांखालीसुद्धा लावायचं, 8 ते 14 तासांनी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात. धुता येत नाही ते पिशवीत बांधून किमान 3 दिवस बाजूला, कारण अंगाबाहेर हा किडा साधारण 2-3 दिवसच तगतो. जंतुनाशक बंद, आंघोळ एकदा, साध्या साबणाने. किडे मेल्यावरही खाज काही आठवडे राहते, हेही बजावलं. नाहीतर लोक घाबरून मलम लावतच सुटतात.

पुढच्या तपासणीला मुलगा रात्री शांत झोपत होता. बाईंनी शाळेलाही मोकळेपणाने कळवलं होतं. त्याच आठवड्यात त्याच्या वर्गातल्या आणखी दोन मुलांना त्यांचे आईवडील दाखवायला घेऊन आले.